कडीला पिशवी

ब्रागान्सापलीकडे, डोंगरात,
इदालिना रात्रीच कडीला पिशवी अडकवते.
पहाटे तेल्मो चार पाव टाकतो,
शनिवारी एक गोड, दालचिनीचा.

ल्योंहून लेक हिशेब मांडते:
"दुकानात निम्म्यात मिळतो, आई.
वर्षाचे किती होतात बघ!"
इदालिना फोन दुसऱ्या कानाला लावते.
खरंय. शिवाय सोमवारचा
बुडाला करपलेला असतो.

गेल्या जानेवारीत
शेजारच्या फिर्मिनोची पिशवी
कालच्या पावांसकट लटकत होती.
तेल्मोने हाका मारल्या, मग खिडकी फोडली.
फिर्मिनो न्हाणीत पडलेला, गारठलेला,
शिव्या देण्याइतका जिवंत.

काचेचे चाळीस युरो झाले.
महागच पडला पाव, तो अजून कुरकुरतो

आणि रात्री पिशवी अडकवून
गाठ दोनदा ओढून बघतो.