सुट्टे

अब्बा सासवडच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात,
"पोरगी पुण्यात शिकते. लिबरल आर्ट्स."
गिऱ्हाईक विचारतं, "म्हणजे चित्रं काढते?"
अब्बा अत्तराची बाटली पुसत म्हणतात,
"होय, तसंच काहीतरी."

चित्रंच काढते म्हणा.
मागच्या आठवड्यात जिभेचं काढलं:
टोक, पातं, पाठ, मूळ.
बाण काढून लिहिलं, त थ द ध इथे,
ट ठ ड ढ जरा मागे वळून.
आरशासमोर बसून शंभरदा "ठ" म्हणाले,
रूममेटने उशी फेकून मारली.

सकाळी जीवशास्त्र, मग भाषाशास्त्र,
जेवणानंतर, झोप यायच्या वेळेला नेमकं तत्त्वज्ञान.
पेठेसर विचारतात,
"स्वतःचं नाव विसरलेला माणूस तोच राहतो का?"
आणि सगळा वर्ग आपापल्या नावासकट
खिडकीतून टेकडीकडे बघत बसतो.

नीटला मार्क कमी पडले, हे खरं आहे.
ते मी लपवत नाही.
पण वाचा-उपचार हा शब्द मला
नापास झाल्यावर सापडला, एवढंच.
तीन वर्षं इथे, मग पुन्हा पहिल्या वर्षापासून चार तिथे.
अब्बा बोटांवर मोजतात, करंगळीशी थांबतात,
दुसरा हात काढत नाहीत.

शुक्रवारी मी रास्ता पेठेतल्या दवाखान्यात जाते.
कोपऱ्यात बसायचं, बघायचं, बोलायचं नाही,
असा राजोपाध्ये मॅडमचा नियम.

घुलेकाका, हणमंत घुले,
एकतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ अडकली,
आणि सगळ्या वस्तूंची नावं एका फेरीत उतरून गेली.
चमच्याचं कार्ड दाखवलं: "सुट्टे."
कंगव्याचं: "सुट्टे."
बायकोकडे बोट केलं, ही कोण?
"सुट्टे."
यमुनाकाकू म्हणाल्या, "जन्मभर मागितले,
आता माझ्यातच दिसायला लागले."

एकदा मॅडम फोनवर बाहेर गेल्या
आणि मी नियम मोडला. हळूच म्हणाले, "डेक्कन..."
काका ताठ बसले.
"गरवारे, रसशाळा, नळ स्टॉप, पौड फाटा,
कर्वे पुतळा, चला, पुढे सरका, कोथरूड!"
एकही अडखळ नाही.
मला वाटलं, झालं, मी बरं केलं माणसाला.

मॅडम दारातच उभ्या होत्या.
"हे बोलणं नाही गं, ही घरंगळ आहे.
पाढे येतात, आरती येते, शिव्या तर येतातच.
मधल्या स्टॉपला उतरवून दाखव."

ते सात शुक्रवार जमलं नाही.
नळ स्टॉपला थांबवलं की गाडी पुन्हा डेक्कनहून.
मी वहीत वेळा लिहिल्या, ओठांचे आकार लिहिले,
समासात पेठेसरांचा प्रश्नही लिहिला,
आणि खाली: काका चिडतात तेव्हा तेच असतात.

आठव्या शुक्रवारी काकूंनी सहज सांगितलं,
लग्नानंतर त्या रसशाळेच्या स्टॉपवर
दुपारची वाट बघत उभ्या राहायच्या.
मी म्हणाले, डेक्कन.
"गरवारे," काका म्हणाले. "रसशाळा,"
आणि थांबले.
उजवा हात उठेना, डावा उठला,
खिडकीबाहेर हात घालून काही घ्यावं तसा.
ओठ मिटले, उघडले.
"ड... डबा."

काकू ओरडल्याच,
"माझं नाव नाही, डबा आठवला मेल्याला!"
आणि पदर तोंडाला लावून
किती वेळ हसत होत्या की काय, कळेना.
मॅडमनी तारीख टाकली.
मला म्हणाल्या, "तू लिही, शब्द तू ऐकलास."

प्रवेशाच्या फॉर्मवर
"पूर्वानुभव" असा रकाना आहे,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यात काय मावणार? तास लिहिले.

संध्याकाळी सासवडच्या गाडीत
घाट लागायच्या आधी कंडक्टर आला,
पाचशेची नोट बघून वैतागला. "सुट्टे?"
माझ्या तोंडून गेलं, "चमचा."