लागला की कळवते

मरोळ, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
मी, पागधरे, आणि दोन लायब्ररी.
एक नवी. तिच्यात कोड सरळ ओळीत वाहतो,
थांब म्हटलं की थांबतो, आणि थांबताना
कुणाला थांबवून धरत नाही.
दुसरी जुनी, सी मधली. कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक.
साडूच्या चुलतमेव्हण्यामार्फत यावा
तसा तिच्यात निरोप येतो. पण येतो.

सोमवारी एक नाव सांगा, निमखेडकर बाई म्हणाल्या होत्या.
सोमवार लागूनच पावणेदोन तास झालेत.

पहाटे पाचला ससून डॉकवर पापलेटचा भाव फुटेल
आणि बारा हजार फोन आमच्या सर्व्हरला कान लावतील.
काही टोपलीशेजारी, ओल्या हातांत,
बाकीचे बोटींवर, जिथे रेंजची एक काडी
असते, नसते.

वेगात नवी जिंकली.
आकड्यातला स्वल्पविराम पागधरेनं दोनदा तपासला.
"झालं की मग," म्हणाला, आणि चिवड्याची पुडी फोडली.

आई बावीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होती.
समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या.
"सांगली ना? ठेवा फोन. लागला की कळवते."
लोक ठेवायचे. चहा टाकायचे, भांडायचे, झोपायचे.
"वाट मी नाही गं बघायचे," ती सांगते,
"वाट चिठ्ठ्या बघायच्या.
मी फक्त कुठला दिवा लागतोय ते बघायचे."
सगळ्यात अवघड काय होतं, गर्दी?
"छे. जो बोलत नाही
आणि ठेवतही नाही, तो."

पागधरे, चार हजार लाइनी मार.
निरोप न घेता. बोट खाडीमागे जाते तशा.

नवी वाट बघत राहिली. शहाण्यासारखी, सगळ्यांची.
मेमरी दुधागत वर आली,
आणि तेविसाव्या मिनिटाला उतू गेली.
जुनीनं एकेकाला मुदत दिली,
मुदत संपली तशी दोरी काढून घेतली.
तिच्या कोडमध्ये कुणीतरी लिहून ठेवलंय:
इथे वाट बघण्याला मर्यादा घाला.
हे मला तीनदा शिकावं लागलं.

"मुदत नवीलाही घालता येईल," पागधरे म्हणाला.
येईल. बारा हजार ठिकाणी आठवणीनं.
"आणि ही जुनी? पुढच्या वर्षी
कोण वाचणार हा गुंता?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
नाव जुनीचं लिहिलं. कारणाच्या रकान्यात: मेलेल्या लाइनी.
बाई विचारतीलच.

चार वाजले. त्याची हिरूआत्या आता
कुलाब्याच्या वाटेवर असेल, टोपली मांडीशी.
रात्रपाळीच्या सवयीनं आई या वेळी जागी असते,
म्हणून फोन लावला.
सहा वेळा वाजला.
ठेवून दिला.
दिसला की करेल.