विसाला एक खडा

त्या एप्रिलात माझा दवाखाना म्हणजे
अंबाजोगाईतली माडीवरची खोली,
पाणी आटलेला कूलर, चार्जरला बांधलेला फोन.
स्टेथोस्कोप खुंटीला. त्याच्यावर धूळ बसलेली
मी पहिल्यांदा पाहिली.
मलाही ताप होता. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

फोनवर छाती ऐकू येत नाही.
म्हणून सांगायचे, श्वास भरून घ्या
आणि तो सुटेपर्यंत आकडे मोजा. मोठ्यानं.

माणसं मोजायची.
धारूरच्या नुसरतबी उन्तीस, तीस करत चढत जायच्या
आणि मध्येच सुनेवर ओरडायच्या, दूध उतू चाललंय.
ओरडण्याइतका दम आहे. वहीत लिहिलं, बऱ्या.
तांड्यावरची म्हातारी मोजायची एक, दी, तीन,
सहाच्या पुढं तिचं मला कळायचं नाही,
मी नुसता सूर धरून बसायचे.
एका मास्तरांनी एकोणतीसचा पाढा म्हटला, चुकले,
आणि आजारापेक्षा चुकल्याचंच त्यांनी मनाला लावून घेतलं.

रेंज गावात नव्हती, बरडावर होती.
लोक चढण चढून यायचे, मला सांगायला
की दम लागायलाय.
आता हा दम चढणीचा, की त्याचा?
बसा, म्हणायचे. पाच मिनिटं बोलू नका. फोन ठेवू नका.
मग पाच मिनिटं मला वारा ऐकू यायचा,
एखादी घंटी, लांब कुणाची तरी मोटार,
आणि एक श्वास, जो हळूहळू खाली बसायचा
किंवा बसायचा नाही.

सटवाजी देवकते विसाला थांबले.
घाबरून विचारलं, एवढाच दम?
हसले. "दम लई हाय बाई, आकडेच सरले.
मेंढरं मोजताना ईस झाले की आमी एक खडा टाकताव,
अन् पुन्हा एकापासून."
मग टाका खडा, म्हटलं.
खडा पडल्याचा आवाज आला. दगडावर. स्पष्ट.
पुढं सोळापर्यंत गेले. छत्तीस.
त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

मंगळवारी एक खडा आणि सात.
बुधवारी खडा पडला, मग नुसतं एक, दोन.
गुरुवारी खडा पडलाच नाही.
अकराच, सटवाजी?
"बाकीची... चरायला... गेलीत, बाई."
मी हसले.
ते हसू मला अजून परत घेता आलेलं नाही.

आशाताई अयोध्या गित्ते स्कूटीवर पोचली,
तीन गावांत मिळून एक ऑक्सिमीटर,
त्यात टीव्हीच्या रिमोटचे सेल.
फोन कानाशी घेऊन ती बाजूला गेली असणार,
आवाज बारीक झाला.
"मॅडम, एक्क्याऐंशी. त्यांना नव्वद म्हणलंय."

मी एकशे आठला, मग केजला, मग ओळखीच्या जीपवाल्याला.
जीप निघाली, इतकं नक्की.
बेड कुठं मिळाला, कोणत्या नावानं,
सटवा, सटवाजी, देवकते, देवकत्ते,
त्या रात्रीच्या रजिस्टरांत अशी तीन माणसं निघाली
आणि एकाचंही वय जुळेना.
दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन एका पोरानं उचलला.
मागं मेंढरं ओरडत होती.
आजोबा? "नेलंय." कुठं?
"मोठ्या दवाखान्यात."
तितक्यात तो उतरणीला लागला असेल. आवाज तुटला.

आता पेशंट समोर बसतात.
स्टेथोस्कोप लावते, सगळं ऐकू येतं,
तरी तोंडातून निघून जातं, मोजा.
लोक गोंधळतात. कंपाउंडर खाली बघतो.
काहीजण मोजतातही, भिडेखातर.
वीस म्हणतात, आणि लगेच एकवीस.
मधे काहीच पडत नाही.