सात महिन्यांचा पगार

सिलिंडरवाल्या सिकंदरचा पाय
मंगळवारी तिसऱ्या पायरीतून आरपार गेला.
सिलिंडर मात्र त्यानं खांद्यावरून सोडला नाही.
"आक्का, तुमच्या पायरीला तोंड फुटलंय,"
म्हणाला, आणि नडगी चोळत हसला.
मी हळद आणायला आत गेले.

तशी ती आम्हाला ठाऊक होती.
डाव्या अंगाला पाय द्यायचा नाही,
रात्री तर ओलांडूनच यायचं,
पाहुण्यांना दारातूनच ओरडून सांगायचं.
पंचगंगेचं पाणी दोनदा तिच्या पोटाला लागून गेलं
आणि दोन्ही वेळा आम्ही नुसता चिखल धुतला.

काशिलिंग सुतार शनिवारी आला.
कानामागं पेन्सिल, पिशवीत पटाशी नि चुन्याची डबी.
बराच वेळ पायऱ्यांपुढं उकिडवा बसला,
डॉक्टर जीभ बघतो तसा.
"खिळे इमानी हायत," म्हणाला,
"लाकडानं दगा दिलाय."
पहारीच्या दुसऱ्या हिसक्याला फळी किंचाळली,
वाळवीची माती सांडत
अंगणात उताणी पडली.

खालच्या बाजूला आकाश होतं.

निळं, तेलरंगाचं. कडेला अर्धा ढग,
त्यात ब्रशाचा एक केस अजून चिकटलेला.

आप्पा स्टुडिओत सुतार होते.
सोमवारी महाल ठोकायचे, गुरुवारी तुरुंग,
तीच लाकडं, तेच खिळे सरळ करून.
स्टुडिओला कुलूप लागलं तेव्हा
सात महिन्यांचा पगार थकला होता.
मालकानं हात जोडले. आप्पांनी हातगाडा आणला.
एवढंच आम्हाला माहीत.
गाड्यात जे काही होतं ते त्यांनी
रंगाची बाजू खाली करून ठोकून टाकलं
आणि पुन्हा सिनेमा बघितला नाही.

त्यावर बसून मी पाढे पाठ केले.
धाकटी त्यावरूनच सासरी गेली.
आप्पांना चौघांनी उतरवलं
तेव्हा तिसरी कुणालाच चुकवता आली नाही.
ती कुरकुरली, एवढंच.

"ठेवायची, का बंबाला?"
ढगाएवढा तुकडा कापून दे, म्हणणार होते.
पण पटाशी लावली तिथं लाकूड
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं सुटलं.
बंबाला, म्हटलं.

रविवारी पाणी लवकर तापलं.
न्हाणीत दिवसभर रंगाचा वास.
धाकटीनं इचलकरंजीहून फोनवर विचारलं, किती लागले?
सुताराला अकराशे, म्हटलं, फळीचे वेगळे.
आकाशाचं काही बोलले नाही.
तिला लगेच एक तुकडा हवा झाला असता.

नवी फळी किंजळाची, टिंबर मार्केटातली,
तांबूस, दोन्ही बाजूंनी कोरी.
माझा पाय अजून ती सोडून चौथीवर पडतो.

सिकंदर पुढच्या महिन्यात आला,
भरला सिलिंडर घेऊन मुद्दाम तिसरीवर थांबला.
"नाचू काय, आक्का?"
मी वरून म्हटलं,
नाच.