काट्यावर

हंगामात रात्री अकरा ते सात
काटा माझ्याकडे असतो.
संकेश्वरच्या बाहेर, पत्र्याची केबिन, एक खिडकी,
समोर ट्रॅक्टरांची रांग, एकेकामागं दोन ट्रॉल्या,
उसाच्या शेंड्यांवर धुकं.
लाल आकडे थरथरतात, मग थांबतात.
थांबल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही,
आप्पांनी लावलेली सवय.

रेणूचा फोन याच वेळेला.
तिच्याकडे तेव्हा सात वाजलेले, खिडकीबाहेर बर्फ.
"अक्का, काय करायलीस?"
"वजन."
"मी पण."

मग सांगत बसते.
हायड्रोजनच, पण उलटा:
बाहेरचं आत, आतलं बाहेर, अशा भाराचा.
आपल्यातल्या कशालाही शिवला
की दोघंही संपतात, मागं नुसती चमक.
म्हणून भांड्यात ठेवता येत नाही.
एक उभी नळी, आत चुंबकांची मूठ,
मुठीत तो, भिंतीला अंग न लावता.

"मग तोलतेस कशी? ठेवलास की काटाच जायचा."
"ठेवायचा नाही गं, सोडायचा.
वरची मूठ आणि खालची मूठ
हळूहळू, बरोबरीनं सैल करायची.
किती वरून निसटले, किती खालून,
भिंतीवरच्या चमका मोजायच्या."
"म्हणजे वजन होईस्तोवर माल संपला?"
"संपला."

खिडकीवर टकटक.
"अक्कार, तूक एष्ट आत्रि?"
अठरा टन तीनशे चाळीस, मी सांगते.
वजनाला तूक म्हणतात त्यांच्यात.
आमची थोरली काकीही तूकच म्हणायची,
तिला कानडी येत नव्हतं.

चौकात एकजण म्हणाला,
हे तर आपल्या सीमेसारखंच की ओ,
इकडचं तिकडं शिवलं की भडका.
नाही. बसत नाही उदाहरण.
चिठ्ठी देताना रोज शंभर हातांना
माझा हात लागतो.

रेणू लहान असताना
वजनमापवाले साहेब आले होते,
वीस वीस किलोच्या बिडाच्या ठोकळ्यांची गाडी घेऊन.
आप्पांनी चारी कोपऱ्यांत ते रचून दाखवले.
चारी ठिकाणी तोच आकडा आला तर काटा खरा.
ती फळीवर पाय हलवत बसलेली.
म्हणाली, वर जाणारं काही असलं
तर काटा काय दाखवील?
साहेब हसले. आप्पा हसले नाहीत.
उणं दाखवील, म्हणाले, दाखवायला आलं तर.

परवा विचारलं, कोपरे तपासलेस?
"तेच तर करत होते दीड वर्ष.
वरचं चुंबक खालच्यापेक्षा केसभर जड निघालं
तर सगळंच खोटं."

आणि काल रात्री, मध्येच, हॅलोसुद्धा न म्हणता:
"पडतो, अक्का. खालीच पडतो."
किती?
"पाऊण."
पाऊण!
इथं पाऊण भरलं तर केबिनीवर दगड येतील.
"चुकीची हद्द मोठी आहे. पूर्ण एकही असेल."
असेल म्हणजे? माझा शिक्का काढून नेतील, रेणू.
"म्हणून तर अजून इथंच आहे."
थोडा वेळ दोघी गप्प.
तिच्याकडे कुठलासा पंप धडधडत होता.

फोन ठेवला. काटा रिकामा.
एक कुत्रं चढलं: वीस.
उतरलं: शून्य.
वीस वीसच्या टप्प्यांनीच दाखवतो हा.
त्याखालचं त्याला काही दिसत नाही,
उसाचं पाचट, विडीचं थोटूक,
पोराची सुटलेली चप्पल,
हे धुकं.
सगळं शून्य, आणि सगळं
खाली टेकलेलं.

पुढचा आला.
जरा पुढं घे, म्हटलं,
मागचं चाक बाहेर आहे.