दहा पावलं

शाळेत आम्ही आठ जण.
त्यांतली शिकवणारी मी एकटी,
तीही मुलांच्या फक्त एक पान पुढे.
काल रात्री छतावरच्या सौरपाटीची वीज संपेपर्यंत
ठोकळे जोडत बसले होते :
पिवळा वर, निळा त्याच्या खाली.
जो जिथे बसत नाही, तो तिथे बसत नाही,
दामटून बसवता येत नाही.
हे मला आवडलं.

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला, इथे
रस्ता आपण रस्ता आहोत हे विसरतो,
आणि मेंढ्या माणसांहून इतक्या जास्त
की यामांदूने पडद्यावर मेंढी आणली
याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

हिरवं निशाण दाबलं की...
दहा पावलं चाल.
खट्.
मेंढी चालली. मेंढी थांबली.
एवढा गलका झाला
की निलगिरीवरचे पोपट उठून गेले.

मग यामांदूला नारिंगी सापडला,
आ वासलेला, पोटात जागा असलेला : सतत.
त्याने निळ्याला त्या पोटात ढकललं.
आता मेंढी चालली, चालली,
काठापाशी गेली,
शेपटीचं टोक तेवढं बाहेर उरलं.
"बाई, ही ऐकत नाही!"
"ऐकतेय की," मी म्हणाले,
"तू म्हणालास तेवढंच ऐकतेय."
(हे पानावर नव्हतं. कुठून सुचलं, कोण जाणे.)

खिडकीत बेलार्मिनो उभे होते,
कुंपणाची तार ओढायला आलेले,
हातात मातेचा भोपळा, ओठात नळी.
"तार कुठे आहे," ते म्हणाले,
"हे तिला कुणी सांगितलंय का?"

मग त्यांनी शीळ घातली, एक लांब.
बाहेर तिसोन डावीकडे वळला.
दोन आखूड. तिसोन खाली बसला.
एकही मूल हललं नाही.

"हा पिल्लू होता तेव्हा
चाल म्हणालो, आणि पुढचं म्हणायचं राहिलं.
ओढ्याला पाणी होतं.
तीन मेंढ्या गेल्या.
चार दिवस कुत्र्यावर रागावलो.
पाचव्या दिवशी कळलं
रागवायचं कुणावर होतं."
एवढं बोलून त्यांनी नळी परत ओठात धरली.

नासारेना वर्गात बोलत नाही.
मार्चपासून तिचा आवाज मी दोनदा ऐकलाय.
तिने काही न बोलता यामांदूच्या हाताखालून
एक ठोकळा सरकवला :
काठ लागला तर उलट फीर.
मेंढी परतली.
पण पाय आभाळाकडे, पाठ जमिनीला,
तशीच ऐटीत चालत.

"अशी मेंढी मी पाहिलीय," बेलार्मिनो म्हणाले,
"पण ती चालत नव्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी पान उलटलं. पुढचंही उलटलं.
"मला माहीत नाही," म्हणाले.
अकरा वर्षं शिकवतेय,
हे वाक्य मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं
आणि छत कोसळलं नाही.
सातही खुर्च्या घासत पडद्याजवळ आल्या,
आठवी माझी.

मेंढी काही सरळ झाली नाही.
त्याऐवजी विल्सनला सापडला जांभळा : आवाज वाजव.
बेलार्मिनोंना आत बोलावलं.
तारेने चिरलेलं त्यांचं बोट
स्पर्शपाटीला ओळखूच येईना,
तीनदा पुसलं, तरी नाही.
मग म्हणाले, "शीळ तर घेईल ना?"
घेतली. दोन आखूड.

चार वाजले. सौरपाटीवर सावली आली.
जाता जाता नासारेनाने हिरवं निशाण दाबलं.
संगणकाने शीळ घातली, जराशी पत्र्यासारखी,
आणि बाहेर, कुंपणापाशी
तिसोन खाली बसला.

मग मान उचलून
बराच वेळ बघत राहिला
मालक कुठल्या बाजूला आहे ते.