ताठ मानेचं मूल

मोखोत्लाँगला घाट बंद झाला
की ॲम्ब्युलन्सच्या आधी घोडे पोचतात.
त्या पहाटेही घोडाच आला.
वर घोंगडीत एक बाई, माथाबेलो,
आणि तिच्या पुढ्यात तीन वर्षांचा रेत्सेपिले.

मी नावानं हाक मारली.
मान वळली नाही.
आधी डोळे वळले, मग खांदे,
मग अख्खा पोरगा वळला,
जड कपाट सरकवावं तसा.
हनुवटीवरून लाळेची तार.
आई म्हणाली, आधी मोतोहोची आंबील सोडली,
मग दूध,
आता स्वतःची थुंकीही गिळत नाही.

आडवं झोपवू नका.
नव्या नर्सला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते.
आईच्या मांडीवर बसू दे, रडवू नका,
चमच्यानं जीभ दाबून बघायची घाई नको.
का, ते नाही सांगत.
सहा हिवाळ्यांपूर्वी एका मुलीला
मीच आडवं केलं होतं,
उशी देऊन, मायेनं.

फोटोत मणक्यांपुढे
पात्याएवढी सावली हवी,
तिथे अंगठ्याएवढी.
रात्रभर सलाईनमधून औषध गेलं,
पण श्वासाची शिट्टी बारीकच होत गेली.
मासेरू लांब. वर बर्फ.
डॉक्टर मोखेथी हात धूत म्हणाले,
"लिनेओ, याचा श्वास याच्याकडेच राहू दे."

तेच तर माझं काम.
गॅस थेंबाथेंबानं, मास्क हलका,
जबड्याखाली माझी तीन बोटं.
डोकं धडापेक्षा खाली,
म्हणजे गळू फुटलं की पू
तोंडात येईल, छातीत नाही.
आधी सुई. सिरिंजमध्ये पिवळं दिसलं.
मग पातं, नखाएवढा छेद,
आणि तेवढ्यात लाइट गेली.

जनरेटर खोकला, थांबला.
कुणी ओरडलं नाही.
टॉर्च माझ्या दातांत,
आणि ड्रायव्हर सेखोटो, बूट काढून,
पायानं पंप मारत सक्शन चालवतोय,
घामाघूम, त्या थंडीत.
नळीतून घाण ओढली जात होती,
अर्धी वाटी असेल,
वास असा की सेखोटोनं तोंड फिरवलं,
पाय मात्र थांबवला नाही.
मी पोराच्या छातीकडे बघत होते.
वर. खाली.
वर.

शिट्टी थांबली होती.
क्षणभर मला कळेना, ही कुठली शांतता.
मग कळलं. हवा
आवाज न करता जात होती.

दुपारी तो रडला, स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं,
अख्खा वॉर्ड वैतागला.
माथाबेलोनं चार दिवसांचा
आवंढा एकदम गिळला
आणि विचारलं, आंबील कधी द्यायची?
उद्या, म्हटलं. पातळ. गार.

औषध अजून दहा दिवस.
सोडताना मी ते तीनदा सांगितलं,
ती तीनदा हो म्हणाली.
बाहेर घोडा फुरफुरला.
रेत्सेपिलेनं
खांदे जागच्या जागी ठेवून
फक्त मान वळवली.

मी रजिस्टर उघडलं, वेळ लिहिली.
सहा पानं मागं जायची सवय आहे माझी,
तिथे तिचं नाव आहे.
त्या दिवशीही गेले.